गार म्हणजे नळाचं

उत्रेख्त, नेदरलँड्स
८ जानेवारी २०१७

प्रिय कादंबरी,

फोन न करता हे लांबलचक लिहितेय, कारण फोनवर तू 'हं, हं' म्हणत भाजी निवडतेस आणि नंतर 'तू असं बोललीच नव्हतीस' म्हणून कानावर हात ठेवतेस. लिहिलेलं राहतं. शिवाय एम.एस्सी.पासूनचा आपला नियम आहेच: महत्त्वाचं ते मराठीत आणि लिहून, नाहीतर भेळ द्यायची. इथे भेळ कुठून आणू?

तर महत्त्वाचं असं की मी अडले आहे. इथे आम्ही गुडघ्यातली गादी छापतो. म्हणजे छापायचा प्रयत्न करतो. छपाईचं यंत्र आहे, त्याला सुई आहे, सुईतून जिवंत पेशी घातलेली शाई थरावर थर सोडायची. पण शाई पातळ, ती खाली पडली की पसरते. म्हणून सरांनी ठरवलं की जिलेटिनचे बारीक बारीक कण करायचे, केसाच्या जाडीएवढे, त्यांच्यावर पेशी बसवायच्या आणि त्या कणांचीच शाई करायची. ठरवायला काय जातं? करायचं मी. आणि माझे कण काही केल्या सुटे होत नाहीत. साबुदाण्याची खिचडी बिघडावी तसा गिच्च गोळा होतो. पुण्यात मी आपली हाडांची भुकटी बघायचे, जिलेटिन तुझं खातं होतं. तुझे कण कसे मोहरीसारखे घरंगळायचे! छापलेल्या पेपरांमध्ये 'नंतर अ‍ॅसिटोनने धुतले' एवढंच असतं. कसं धुतलं, किती, कुठल्या, ते कोणी लिहीत नाही. तू लिही. एकेक पायरी.

आईला सांगितलं की मी गुडघ्याची गादी छापते, तर म्हणाली, 'माझ्यासाठी दोन छाप, एक डावी एक उजवी.' तिचे गुडघे फार दुखतात गं. विश्रांतवाडीला ती एकटी, बाबा असते तर वेगळं होतं. कोथरूडहून तिकडे जाणं म्हणजे परदेशवारी हे मला माहीत आहे, तरी एकदा जाऊन ये. इथलं नळाचं पाणी हाताला झोंबतं इतकं थंड आहे. 'गार म्हणजे नळाचं, थंड म्हणजे फ्रीजचं' हे आईचं शास्त्र इथे कोसळलं असतं. आठवतं? तू पहिल्यांदा घरी आलीस, तिनं 'गार देऊ का थंड?' विचारलं, तू म्हणालीस, 'दोन्ही एकच ना काकू?' आणि तिनं दोन फुलपात्रं आणून तुझ्यापुढे ठेवली.

तुझ्या पाट्या आहेत का अजून लॅबमध्ये? 'तराजूवर निःश्वास टाकू नयेत.' 'हात धुतले का? खरंच?' सगळ्यांचे फोटो मी सोबत आणलेत. उदास वाटलं की बघते.

आणि हो, बद्रीनाथ सरांचा मेल आला होता. पुण्याला आपल्याच लॅबमध्ये कायमची एक जागा निघतेय, याच कामाची, जूनमध्ये मुलाखती. मी अर्ज करणार आहे. आईसाठी परत यायचंच आहे मला. तूही करशीलच. जिला मिळेल तिनं दुसरीला मस्तानी पाजायची, बरं का.

जय भीम आणि खूप प्रेम,
शर्मिला


कोथरूड, पुणे
१४ जानेवारी २०१७

प्रिय परदेशस्थ शर्मिलाबाई,

तिळगूळ घ्या, गोड बोला. मला ते जमत नाही हे अख्ख्या पुण्याला ठाऊक आहे, पण सणाचा दिवस आहे म्हणून प्रयत्न करते.

अर्ज मी करणार आहे. 'तूही करशीलच' असं लिहिलंस, त्यातल्या 'ही'बद्दल धन्यवाद. आठ वर्षं मी या लॅबमध्ये तात्पुरती आहे. दर मार्चमध्ये एक कागद येतो की बाई अजून वर्षभर तात्पुरत्या राहतील. लॅबमधला उंदीरसुद्धा माझ्यापेक्षा कायम आहे. आमोद म्हणतो, हिंजवडीत ये, आमच्या कंपनीत चाचण्या करायच्या असतात, तूही चाचण्याच करतेस. नवरा आहे म्हणून सोडून दिलं.

आता तुझे कण. पन्नास अंशाला जिलेटिन विरघळव. ऑलिव्हचं तेल तेवढंच कोमट करून ढवळायला लाव, वेग मध्यम, आणि जिलेटिन त्यात थेंब थेंब सोड. दहा मिनिटांनी भांडं बर्फात बसव, ढवळणं चालूच. थेंब आपोआप गोठून गोल होतात. अर्धा तास. मग गार अ‍ॅसिटोननं तीनदा धू, तेल पूर्ण जाईपर्यंत. गाळ, वाळव, चाळ. झालं. यात गुपित कसलं आलंय?

तुझ्या आईकडे परवा जाऊन आले. गुडघे सुजलेत. ओळखीचे डॉक्टर आहेत, त्यांना दाखवते. तू काळजी करू नकोस, छपाई कर.

कादंबरी


उत्रेख्त
३० जानेवारी २०१७

प्रिय कादंबरी,

तुझ्या पत्राची छापील प्रत समोर चिकटवून, तुझ्या शब्दाबाहेर एक पाऊल न टाकता चारदा केलं. चारही वेळा गोळा. बर्फातून काढेपर्यंत भांड्यात इतके सुरेख गोल दिसतात की बघत राहावं. धुवायला घेतले की एकमेकांच्या गळ्यात पडतात. इथले सर फार सभ्य आहेत, रागावत नाहीत, फक्त 'अजून?' असं विचारतात. त्यापेक्षा रागावलेले बरे. मार्चअखेर काही दाखवलं नाही तर हे काम ते दुसऱ्या मुलाला देणार आहेत.

माझं कुठे चुकतंय? धुण्यात काही आहे का? विचार करून सांग.

आईचा फोन झाला. 'कादंबरी आली, स्कूटरवर बसवून डॉक्टरकडे नेलं, औषधं आणली, येताना शहाळं पाजलं.' अर्धा तास तुझंच. माझी तब्येत विचारायची राहिली. तू हे सगळं करतेस त्याचं बरं वाटतं. वाटायलाच हवं.

शर्मिला


कोथरूड
२ फेब्रुवारी २०१७

शर्मिला,

धुण्यात काही नाही. हाताचं काम आहे, हात बसायला वेळ लागतो. मला दोन वर्षं लागली होती. तुझ्याकडे यंत्रं भारी आहेत, हात आपले पुण्याचेच.

घाईत आहे. अर्जाचे कागद साक्षांकित करायला शनिवार पेठेत जायचंय.

कादंबरी


[न पाठवलेला मसुदा]
५ फेब्रुवारी २०१७

शर्मिला,

हे मी तुला पाठवणार नाही. पण लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

धुण्यात सगळं आहे. अ‍ॅसिटोन फ्रीजरमध्ये आदल्या दिवसापासून ठेवलेलं लागतं. नुसतं अ‍ॅसिटोन नाही, बाटली, गाळणी, गाळण्याचा कागद, चमचा, जे जे कणाला शिवणार ते सगळं. जरा ऊब लागली की कणांचं अंग मऊ पडतं आणि ते चिकटतात. हे मला सापडायला दोन वर्षं लागली. ती दोन वर्षं खरी आहेत. बाकी मी तुला लिहिलं ते खोटं आहे.

आणि तरी खोटं नाही, यातच माझी हुशारी. मी 'गार' लिहिलं. आमच्या घरी माठाचं, फ्रीजचं, बर्फाचं, सगळं गारच. कोणी विचारलं तर मी म्हणू शकते, बघा, मी गार लिहिलं होतं की! पण तुझ्या घरी गार म्हणजे नळाचं. तू ते कपाटावरच्या बाटलीतलं घेणार, हे मला माहीत होतं. तुझ्याच पत्रात तू मला आठवण करून दिलीस. 'थंड' असं लिहून झालं होतं. खोडलं आणि 'गार' लिहिलं. दोन अक्षरं खोडून दोन लिहिली, एवढंच काम.

का? कारण मी जळते. दुसरा शब्द नाही. तू माझ्यानंतर या लॅबमध्ये आलीस, तुझे पेपर माझ्याआधी आले. सर मला 'कादंबरी, ते बघून घे' म्हणायचे आणि तुला 'शर्मिला, तुला काय वाटतं?' विचारायचे. आता तू तिथे आहेस आणि तरी माझी एकुलती एक जागाही तुला हवी आहे. आईसाठी! माझ्याकडे असं चांगलं कारणही नाही. मला ती हवी आहे, बस.

अजून एक. शेजारच्या वासंतीकाकू परवा म्हणाल्या, 'त्या तुझ्या मैत्रिणीचं काय बाई, त्यांना मिळतंच.' मी त्यांच्यावर ओरडले. जागा खुली आहे, तिचे गुण माझ्यापेक्षा जास्त आहेत, असं सुनावलं. मग आतल्या खोलीत आले आणि तेच वाक्य मनात दोनदा म्हणून पाहिलं. बरं वाटलं. स्वतःची इतकी शिसारी मला कधी आली नव्हती. तरी बरं वाटलं.

आज तुझ्या आईला दुसऱ्या डॉक्टरांकडे दाखवून आणलं. घरी पोचलो, त्या गुडघे धरत स्वयंपाकघरात गेल्या आणि नेहमीसारखं विचारलं, 'बाळा, गार देऊ का थंड?' 'काहीही चालेल काकू,' म्हटलं. 'काहीही कसं? नीट सांगावं माणसानं,' म्हणाल्या.

पाणी न पिता निघाले.


उत्रेख्त
१९ मार्च २०१७

प्रिय कादंबरी,

जमलं!

नीट सांगते. पाचव्यांदा गोळा झाला तेव्हा इतकी वैतागले की फेकून द्यायचा तो गोळा सुईच्या नळीत कोंबला आणि यंत्र चालू केलं. म्हटलं, तुंबव एकदाचं. तर काय, शाई सुईतून सरळ धाग्यासारखी बाहेर आली आणि जिथे पडली तिथे उभी राहिली! पसरली नाही, तुटली नाही. थरावर थर चढवले, तरी उभी. मी खुर्चीत बसूनच राहिले. मग डोक्यात आईची दिवाळी आली. चकलीची भाजणी फार कोरडी राहिली की सोऱ्यातून तुकडे पडतात, किंचित चिकट असली तरच अखंड वळते. आपले कण तसेच. दाबलं की एकमेकांवरून सरकतात, दाब सोडला की एकमेकांना धरून बसतात. त्यांनी थोडं चिकटायलाच हवं होतं. आपण सगळे त्यांना सुटं करायला धडपडत होतो!

एकदा माझे कण सुटेही झाले. कसे ते विचारू नकोस. तुझ्यासारखेच, मोहरीसारखे. त्यांची शाई केली तर सुईतून तुकडे तुकडे पडले. म्हणजे पेपरमध्ये दोन्हींची तुलना आली. पेशी तीन आठवडे जगल्या. सर इतके खूश झाले की त्यांनी मला त्यांच्या हातची कॉफी दिली. ती फार वाईट असते.

आता ऐक. पेपर पाठवतोय, त्यात दुसरं नाव तुझं आहे. 'अ‍ॅसिटोन थंड न करता धुण्याची पद्धत कादंबरी यांची' असं पद्धतीच्या भागात स्पष्ट लिहिलंय. तू लिहिलंस तसंच, शब्दाला शब्द. तू 'थंड' न लिहिता 'गार' लिहिलंस म्हणून हे झालं. हे श्रेय तुझं नाही तर कोणाचं?

शर्मिला


कोथरूड
२१ मार्च २०१७

प्रिय शर्मिला,

अभिनंदन. मनापासून, किंवा मला जितकं मनापासून जमतं तितकं.

माझं नाव काढ. मी काही केलेलं नाही. एक पत्र लिहिलं, तेही सणाच्या दिवशी घाईघाईत. पत्र लिहिणाऱ्यांची नावं पेपरात घालायला लागले तर पोस्टमनचंही घालावं लागेल.

सुटे कण कसे झाले?

कादंबरी


उत्रेख्त
२४ मार्च २०१७

कादंबरी,

हात बसला. तूच म्हणाली होतीस, वेळ लागतो.

नाव काढायचं तर मला कारण लिही. नाहीतर मासिकाकडून तुला एक मेल येईल, 'या लेखाच्या लेखिका असल्याचं मान्य आहे का?' तिथे 'हो' किंवा 'नाही' दाबायचं आहे. बोट तुझं.

शर्मिला


कोथरूड
२ एप्रिल २०१७

शर्मिला,

'हो' दाबलं.

तीन दिवस ती मेल उघडत होते आणि बंद करत होते. खरं सांगायचं तर जागेच्या अर्जात 'गेल्या दोन वर्षांतील प्रकाशने' असा रकाना आहे आणि माझा तो रकाना रिकामा आहे. आता भरला. तू म्हणतेस श्रेय माझं, तर असेल.

तुझ्या आईचा डावा गुडघा जरा बरा आहे. परवा त्यांनी मला चवळीची उसळ करून घातली. मी लाजत नाही हल्ली, दोनदा वाढून घेतली.

कादंबरी


कोथरूड
१६ जून २०१७

शर्मिला,

दोन महिने आपण एकमेकींना एक अक्षर लिहिलं नाही. १४ तारखेला मुलाखती झाल्या. तुझी सकाळी स्काइपवर झाली, माझी दुपारी अडीचला, समोरासमोर. जागा तुला मिळाल्याचं पत्र आलं असेलच. सगळ्यात आधी माझ्याकडून अभिनंदन, आणि यावेळी 'जितकं जमतं तितकं' असं लिहीत नाही. अजिबात मनापासून नाही. मला ती जागा हवी होती. आजही हवी आहे.

आत काय झालं ते तुला कोणी सांगण्याआधी मी सांगते.

पाच जण होते. बद्रीनाथ सर मधोमध. कडेला बंगलोरहून आलेल्या एक बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. पहिली वीस मिनिटं मी फार छान बोलले. जिलेटिन, कण, आठ वर्षं. मग त्या बाईंनी आपला पेपर पुढे केला. म्हणाल्या, या लेखात सगळा कणा आहे तो धुण्याच्या पद्धतीचा. सगळं जग थंड वापरतं, तुम्ही थंड न करता धुवायला सांगितलंत. ही उलटी दिशा तुम्हाला सुचली कशी? विचार काय होता तुमचा?

उत्तर मी घरून पाठ करून गेले होते, शर्मिला. कणांच्या पृष्ठभागाविषयी, मऊपणाविषयी, अगदी झकास. आमोदला म्हणून दाखवलं होतं. तोही म्हणाला, पटतंय. तोंड उघडलं आणि समोर टेबलावर पाण्याचा पेला होता. शिपायानं मघाशी ठेवताना विचारलं होतं, 'थंड पाहिजे का मॅडम, का साधं?' कसं कोण जाणे, पाठ केलेलं सगळं पुसलं गेलं.

मी म्हटलं, 'मला काही सुचलं नव्हतं. शर्मिलानं मला पद्धत विचारली आणि मी तिला मुद्दाम चुकीची सांगितली. तिचे कण चिकटावेत म्हणूनच सांगितली. या जागेसाठी. त्यातून जे निघालं ते पूर्ण तिचं आहे.'

बाईंनी पेपर मिटला. सरांनी चष्मा काढून बराच वेळ पुसला. शेवटी म्हणाले, 'ठीक आहे. या तुम्ही.' आठ वर्षांत ते मला पहिल्यांदा 'तुम्ही' म्हणाले.

तर हे असं आहे. मी 'थंड' लिहिलेलं खोडून 'गार' लिहिलं. मला माहीत होतं तुझ्या घरी गार म्हणजे काय. फेब्रुवारीत एक पत्र लिहून ठेवलं होतं, ते पाठवलं नाही, ते सोबत जोडतेय. त्यात वासंतीकाकूंचं एक वाक्य आहे आणि त्यावर मी काय केलं तेही आहे. ते गाळावं असं फार वाटलं. गाळलं नाही. ते वाचून तू मला तोडलंस तर तुझं बरोबर आहे.

काल संध्याकाळी तुझ्या आईकडे पेढे घेऊन गेले, तुझ्या जागेचे. त्यांना म्हटलं, 'काकू, मी शर्मिलाशी फार वाईट वागले.' त्यांनी काय वागलीस ते विचारलं नाही. दाराची कडी लावली, बस म्हणाल्या आणि आत जाऊन ओरडल्या, 'गार का थंड?'

'थंड,' मी म्हटलं. 'फ्रीजमधलं.'

तिथे बसून दोन पेले प्यायले.

कादंबरी


उत्रेख्त
२५ जून २०१७

कादंबरी,

सोबत एक फोटो आहे. तो आधी बघ, मग पुढे वाच.

ओळखलीस? आपल्या लॅबचा फ्रीजर, वरचा कप्पा, तपकिरी बाटली, आणि तिच्यावर तुझ्या अक्षरात तुझी पाटी: 'अ‍ॅसिटोन. थंडच वापरावे, गार चालणार नाही. ज्यांना फरक कळत नसेल त्यांनी विश्रांतवाडीस सुंदराबाईंकडे शिकवणी लावावी.'

२०१३ चा फोटो आहे. आईला दाखवायला म्हणून काढला होता, ती दिवसभर हसली होती. मला तो ३ फेब्रुवारीला सापडला. तुझं 'हाताचं काम आहे' वाचून उदास वाटलं, म्हणून तुझ्या पाट्या बघत बसले होते. तुझं खोटं तुझ्याच पाटीनं पकडून दिलं.

म्हणजे मार्चमध्ये मी ते आनंदाचं पत्र लिहिलं तेव्हा मला सगळं माहीत होतं. सुटे कण बाटलीवरची पाटी वाचून झाले, पहिल्याच फटक्यात. तुझं नाव मी आभारानं घातलं असं तुला वाटलं ना? तेवढी मोठ्या मनाची मी नाही. 'पद्धत कादंबरी यांची' हे मी रागानं लिहिलं. कुठल्यातरी भरल्या खोलीत, माणसांसमोर, कोणीतरी तुला विचारावं की बाई, हे तुम्हाला सुचलं कसं, म्हणून लिहिलं. तू 'हो' दाबलंस तेव्हा मी इथे एकटीच टाळी वाजवली.

मी काही धुतल्या तांदळासारखी नाही. आणि धुतलेली असलेच तर तुझ्या गारनं.

जोडलेलं पत्र वाचलं. ते वाक्य मी लहानपणापासून इतक्यांदा ऐकलंय की त्यानं मला काही होत नाही, असं मी लोकांना सांगते. तुझ्याकडून आलं तेव्हा झालं. त्याबद्दल माफ केलं असं आज लिहिणार नाही, उगाच लिहिलं तर तेही 'गार' होईल. पण तू ते गाळलं नाहीस, हे मी पाहिलं.

आता माझं ऐक, तेही लिहूनच सांगायला हवं. मी तुझ्यावर जळत होते, जानेवारीपासून. फ्रीजमधलं पाणी माझ्या आईचं, चवळीची उसळ माझ्या आईची, आणि ती खाणारी तू. फोनवर ती मला विचारायची, 'आज कादंबरी येणार आहे का गं?' जणू मी तुझी कारकून. तुझ्याकडे पुणं होतं, नवरा होता, आई तर माझीच होती, आणि त्यावर तू चोरही निघालीस. मला किती आनंद झाला असेल! १४ तारखेला तू खोटं बोलशील आणि जागा तुला मिळेल, अशी मी मनापासून इच्छा करत होते. मग जन्मभर तुझा राग धरून मी मजेत राहिले असते. तेवढं सुखही तू मिळू दिलं नाहीस. बद्रीनाथ सरांनी फोनवर मुलाखतीतलं सांगितलं तेव्हा मला जागा मिळाल्याचा आनंद झाला नाही, इतका तुझा राग आला.

१ ऑगस्टला येतेय. तुझा कागद मार्चपर्यंतचा आहे, म्हणजे आठ महिने मी तुझी साहेब. दोघींनाही ते जड जाणार आहे. सरांना मी लिहिलंय की चिकट कण माझे, पण सुटे कण तुझे, आणि मला दोन्ही लागणार आहेत, तेव्हा बाईंना मार्चनंतरही ठेवा. मेहेरबानी समजू नकोस. थंड बाटलीचं काम तुझ्याइतकं कोणाला येत नाही.

विमानतळावर येऊ नकोस. आईकडे जाणं मात्र बंद करू नकोस. काल तिचा फोन आला होता. मी जागेचं सांगत होते, ती मध्येच म्हणाली, 'कादंबरी आता नीट सांगते हं, थंड पाहिजे म्हणून.'

पुन्हा जळले मी. तुला कळावं म्हणून लिहिलं.

शर्मिला